पुण्याहून न्यूजर्सीला : सोळा नव्हे, सत्तावीस तासांची तयारी

मावशीच्या तिकिटावर मुंबईहून निघायची वेळ १५ तारखेची रात्री १.३०, न्यूयॉर्कला पोचायची त्याच दिवशी सकाळी ८.००. "अगंबाई, साडेसहा तासांत अमेरिका?" मावशी खूश. म्हटलं, मावशी, दोन्ही वेळा त्या त्या गावच्या आहेत. उन्हाळ्यात न्यूयॉर्क आपल्या साडेनऊ तास मागे असतं (नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपासून मार्चच्या दुसऱ्या रविवारपर्यंत साडेदहा), म्हणजे विमानात बसायचं सोळा तास. अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर, तेही सरळ मोजलं तर. वारा आणि विमानांना बंद असलेलं आकाश पाहून विमान वळसे घेतं. परतीला वारा पाठीशी असतो, म्हणून येताना वेळ कमी लागतो.

तेव्हा यादीत पहिलं काम तारखेचं. १५ ची रात्री १.३० म्हणजे १४ च्या संध्याकाळी साडेपाचला पुणं सोडायचं. मावशीने गाडीवाल्याला १५ तारीख सांगून ठेवली होती! एक्सप्रेसवेवर घाटात अडकण्याचा वेळ धरा, विमानतळावर तीन तास आधी पोचायचं धरा. उतरल्यावर इमिग्रेशनची रांग, बॅगा आणि तिथून न्यूजर्सीतल्या एडिसन गावापर्यंतची गाडी धरून दारापासून दारापर्यंत सत्तावीस तास होतात. गोळ्या या हिशोबाने हातातल्या पिशवीत, मूळ पाकिटात, चिठ्ठीसकट ठेवा. बीपी-शुगरच्या गोळ्यांच्या वेळा डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या. घरी पोचेपर्यंत मनगटावरचं घड्याळ भारताच्याच वेळेवर राहू दे, नाहीतर "सकाळची गोळी" कुठल्या सकाळची, हा घोळ होतो. गुडघे दुखत असतील तर व्हीलचेअर तिकिटाबरोबरच सांगा, लाजू नका.

आता खाऊ. मेतकूट, गोडा मसाला, भाजणी खुशाल न्या, पण सीलबंद, नाव लिहिलेलं. सुकं खोबरं मात्र बॅगेत भरू नका. तेलामुळे पेट घेणारी वस्तू म्हणून ते मुंबईतच काढून घेतात. लोणचं चेक-इनच्या बॅगेत, दोन पिशव्यांत गुंडाळून. आमच्या बरणीने एकदा नवी कोरी पैठणी पिवळी केली होती. हापूसचा मोह आवरा. आणि तिकडच्या कस्टम्सने विचारलं तर खाण्याचं काय काय आहे ते सरळ सांगून टाका. लपवलं तर दंड होतो.

पॉवर बँक हातातल्या पिशवीतच. सोबत शाल, पायमोजे, रिकामी बाटली. बाटली तपासणीनंतर भरा, दर दोन तासांनी उठून मागच्या टोकापर्यंत चाला. मुलाचा पत्ता आणि फोन नंबर ठळक अक्षरांत कागदावर लिहून पासपोर्टात ठेवा. उतरल्यावर मोबाइल लागेलच असं नाही, आणि पत्ता अधिकारी विचारतात.