बंदूक घ्यायची म्हणताय? आधी मागच्या दाराची कडी बघा (या चुका टाळा)

दोन वर्षांपूर्वी आमच्या शेजारच्या वस्तीवर रात्री चोरटे आले. फार काही नेलं नाही, दोन मोबाईल, थोडी रोकड आणि म्हातारीच्या गळ्यातली पोत, पण त्यानंतर पंधरा दिवस पारावर एकच विषय, बंदुकीचा परवाना काढायचा. मी पण त्यातलाच. फॉर्म आणला, आधार-पॅनच्या झेरॉक्स काढल्या, यूट्यूबवर रात्री दोन-दोन वाजेपर्यंत पिस्तुलांचे व्हिडिओ बघितले. मग ओळखीचे एक रिटायर हवालदार काका घरी आले, चहा घेतला आणि काही न बोलता आमच्या मागच्या दाराला खांदा लावला. कडी स्क्रूसकट हातात!

"बंदूक कुठं ठेवणारेस?" "वरच्या खोलीत, कपाटात." "आणि उन्हाळ्यात झोपतोस कुठं?" "अंगणात." काका हसले नाहीत, नुसतं बघत बसले माझ्याकडं.

म्हणून पहिली चूक हीच, सुरुवात बंदुकीपासून करणं. दार दहा हजारांचं सागवानी असतं आणि कोयंडा बसवलेला असतो अर्ध्या इंचाच्या स्क्रूवर. सुताराला सांगून चौकटीत खोल जाणारे लांब स्क्रू किंवा आरपार नट-बोल्ट मारून घ्या, आतून वर-खाली दोन्हीकडं अडसर लावा. गच्चीचं दार, जिन्याखालचं दार, बाथरूमची काचेची खिडकी, या तिन्हीकडं कुणी बघतच नाही. ग्रील लावताय तर एखादी खिडकी आतून उघडणारी ठेवा, नाहीतर घराला आग लागली तर चोराला रोखणारं ग्रील तुम्हालाच कोंडून टाकेल.

दुसरी गोष्ट पेपरात शंभरदा वाचली असेल, "चोरट्यांनी शेजाऱ्यांच्या दारांना बाहेरून कड्या लावल्या". वाचतो आणि विसरतो. तुम्ही ओरडलात तरी शेजारी बाहेर येऊ शकत नाही हे धरूनच प्लॅन करायचा, म्हणजे बाहेरून लागेल अशी कडी असेल तर ती काढून टाका आणि घराला दुसरी वाट ठेवा. आमच्या पुणे, नाशिक, नगर पट्ट्यात ग्राम सुरक्षा यंत्रणा आहे, एका फोनवर तुमच्याच आवाजातला निरोप गावातल्या सगळ्या नोंदवलेल्या मोबाईलवर जातो. पण निम्म्या लोकांचे नंबर जुने! जिओ घेतलं, जुना नंबर बंद, निरोप जातोय कुठं देव जाणे. नंबर अपडेट करा आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना ११२ लावायची प्रॅक्टिस द्या, अंधारात, चष्मा नसताना. सीसीटीव्हीचा डीव्हीआर, म्हणजे रेकॉर्डिंग साठवणारा डबा, टीव्हीच्या खाली ठेवू नका, चोर जाताना तोही उचलून नेतो. आणि लग्नाला निघालात की स्टेटस टाकू नका हे काय सांगायचं, पण लोक टाकतातच, "फॅमिली टाइम @ महाबळेश्वर, थ्री डेज".

आता बंदूक. यूट्यूबवाला अमेरिकेत बसून ९ एमएम ग्लॉक पिस्तूल दाखवतो आणि आपण इथं शिरूरला बसून मॅगझिनची चर्चा करतो, तर ते बोअरच, म्हणजे नळीचं मापच, आपल्याकडं सामान्य नागरिकाला बंद आहे, प्रोहिबिटेड. साध्या परवान्यावर मिळतं ते मुख्यतः .३२ चं रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल, .२२, आणि बारा बोअर, म्हणजे छऱ्यांची लांब बंदूक. कानपूरच्या सरकारी कारखान्यातून २०१४ साली निर्भीक नावाचं हलकं रिव्हॉल्व्हर आलं होतं, खास बायकांसाठी म्हणून, वजन अर्धा किलोच्या आसपास आणि किंमत तेव्हाच सव्वा लाखाच्या घरात. हलकं म्हणजे सोपं असं मात्र नाही बरं का. छोट्या, हलक्या रिव्हॉल्व्हरला झटका जास्त बसतो, नळी आखूड म्हणून नेम धरायला अवघड, आणि चाप इतका जड की सराव नसलेल्या माणसाची नळी चाप ओढतानाच हलते. शो-रूममध्ये हातात घेऊन "मस्त बसतंय" म्हणणं आणि काळोखात, छाती धडधडत असताना ते चालवणं यात जमीन-अस्मानाचा फरक.

वस्तीवरची माणसं बारा बोअर बघतात, डबल बॅरल, म्हणजे दोन नळ्यांची. साधी, दणकट, बिघडायला काही नाही. पण लांब आहे, खोलीच्या दारातून वळताना अडते, आणि छर्रे पातळ भिंतीतून, पत्र्यातून पलीकडं जाऊ शकतात जिथं तुमचीच पोरं झोपलीत. म्हणजे कुठली बंदूक घेऊ हा प्रश्न खरं तर घरात कोण कुठं झोपतं इथून सुरू होतो. आणि नळी आखूड करून घेऊ, लोहाराकडं कापून, असं कुणी सुचवलं तर त्याला हात जोडा, तो वेगळा गुन्हा आहे.

परवाना अडकतो कुठं? अर्जात "स्वसंरक्षणासाठी" एवढंच लिहिलं की बऱ्याचदा तिथंच. शहरात पोलीस आयुक्त आणि जिल्ह्यात जिल्हाधिकारी परवाना देतात, त्याआधी पोलिसांचा रिपोर्ट मागवतात, आणि त्यांना धोका ठोस हवा असतो. धमकीची तक्रार केली होती का, कधी, वस्ती गावापासून किती लांब, रोकड घेऊन ये-जा करता का, हे कागदावर पाहिजे. माझ्याकडं कागद शून्य, शेजाऱ्याकडं चोरी झाली हा काय माझा पुरावा? जुनी केस असेल, अगदी बांधावरच्या भांडणाची, तर लपवू नका, ती निघतेच आणि मग केसपेक्षा लपवल्याचाच त्रास जास्त. मेडिकल सर्टिफिकेट, शस्त्र हाताळणीचं ट्रेनिंग आणि शस्त्र सुरक्षित ठेवण्याची हमी, हे २०१६ च्या नियमांत आहे, एजंट "ते मी बघतो" म्हणाला तरी स्वतः करा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला तीनऐवजी दोनच शस्त्रं आणि परवाना तीनऐवजी पाच वर्षांचा. आनंदाच्या भरात वरातीत हवेत बार काढला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, ते पण त्याच दुरुस्तीत आलं, आणि वर परवाना जाईल तो वेगळाच.

माझा मावसभाऊ अमेरिकेत डॅलसला आहे, तो म्हणतो आमच्याकडं दुकानात जायचं, फॉर्म भरायचा, चेक झाला की घेऊन यायचं, तुम्ही काय कागद घेऊन फिरताय. त्याला ग्रीन कार्ड आहे म्हणून. एच-वन-बी वर, म्हणजे नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांनी त्याचं ऐकून जाऊ नका, तिथल्या फेडरल कायद्यानं त्या व्हिसावर बंदूक बाळगायला एरवी बंदीच आहे, शिकारीचा परवाना वगैरे मोजक्या सवलती सोडल्या तर. मित्राची बंदूक रेंजवर सहज हातात घेणंसुद्धा अंगाशी येऊ शकतं.

सगळ्यात मोठा गैरसमज, "घरात घुसला की उडवायचा, कायदा आपल्या बाजूनं". अर्धवट खरं आहे आणि म्हणूनच जास्त घातक. स्वसंरक्षणाचा हक्क आहे, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ मध्ये. दरोडा, सूर्यास्त ते सूर्योदयाच्या दरम्यानची घरफोडी, किंवा चोरी करताना जीव जाण्याची वा गंभीर दुखापतीची रास्त भीती, अशा ठिकाणी हा हक्क समोरच्याचा जीव जाण्यापर्यंत जातो. पण गरजेपेक्षा जास्त इजा चालत नाही आणि पोलिसांची मदत घ्यायला वेळ होता तर हक्कच उरत नाही. पोत टाकून कुंपणावरून पळणाऱ्याच्या पाठीत गोळी घातली तर तुम्ही स्वतःला वाचवत होता हे कोर्टात कसं पटवणार? कोकणात तर रानडुक्कर समजून माणसालाच गोळी लागल्याच्या बातम्या अधूनमधून येतात, तीही सवयीच्या हातांकडून. काका म्हणायचे, टॉर्च आधी, बोट चापावर नंतर. टॉर्च लावली तर निम्म्या वेळेला आपलाच पुतण्या असतो, दारू पिऊन उशिरा आलेला.

ठेवण्याचं काय? उशीखाली नाही, माळ्यावर नाही, देवघराच्या मागं तर नाहीच नाही. कुलूपबंद लोखंडी तिजोरी भिंतीत बोल्टनं पक्की, काडतुसं वेगळी, किल्ली कुठं आहे हे पोरांना माहीत नको. पोरांना "हात लावू नको" सांगून भागतं असं ज्यांना वाटतं त्यांनी आठवावं आपण लहानपणी काय काय उचकलं होतं. आणि घरात कुणी खूप उदास असेल, दारूचं व्यसन असेल, सारखी भांडणं होत असतील, तर सध्या बंदूक आणूच नका. याच्यावर मी वाद घालत नाही.

परवाना मिळेना म्हणून कट्टा, म्हणजे बेकायदा गावठी पिस्तूल, घेतो म्हणणारे पण आहेत. जळगावातल्या चोपड्याच्या पलीकडं, मध्य प्रदेशातल्या उमर्टीचं नाव पेपरात सारखं येतं ते त्याचसाठी. नुसता जवळ बाळगला तरी कमीत कमी दोन वर्षं आणि जास्तीत जास्त पाच, शिवाय फुटला तर स्वतःचाच हात जातो. तलवार भिंतीवर लावणारे आणि तिनं बर्थडेचा केक कापणारे हिरोही आर्म्स ॲक्टच्या ४/२५ मध्ये, म्हणजे कलम ४ आणि २५ खाली, आत जातात, रील त्यांनीच टाकलेली असते, पोलिसांना फक्त बघायची असते. मिरचीचा स्प्रे ठेवा, त्याला परवाना लागत नाही, फक्त वारा कुठून आहे बघा आणि तारीख संपली का बघा, माझ्या बहिणीच्या पर्समधला चार वर्षं जुना निघाला, दाबला तर नुसती फुस्स.

शेवटची चूक कोकणात आणि आमच्याकडं पण घराघरात आहे, आजोबांची बंदूक. शेतीसंरक्षणाची ठासणीची (नळीत दारू ठासून भरायची) असो नाहीतर बारा बोअर, आजोबा गेले की त्यांचा परवाना वारसाला आपोआप लागू होत नाही. आठवण म्हणून खुंटीला टांगून ठेवली की ती बेकायदा झाली. ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडं जमा करायची आणि वारस म्हणून स्वतःचा परवाना मागायचा. आजोबा हयात असतील तर अजून सोपं, वय ७० झालं किंवा बंदूक २५ वर्षं जवळ असली की ते जिवंतपणीच वारसाच्या नावानं अर्ज करू शकतात. निवडणुकीत जमा करायचा हुकूम आला तर जमा करा, पण पावतीवर बंदुकीचा नंबर आणि काडतुसांची संख्या लिहून घ्या, तिथंच उभं राहून वाचा आणि मगच घरी या.