भुंगेऱ्यासारखी दिसणारी माशी: सातारा-सांगलीत सेलिफिडी कशी शोधावी, तपासावी आणि नोंदवावी

सेलिफिडी कुळातली माशी संग्रहांत फार कमी दिसते, आणि याचे एक मोठे कारण म्हणजे ती माशी वाटतच नाही. जेमतेम ३ ते ५ मिलिमीटर लांबी, तपकिरी किंवा निळी-हिरवी चकाकी आणि पाठीवर फुगीर गुळगुळीत कवच. जाळ्यात आली की ‘बारका भुंगेरा’ म्हणून ती झटकून टाकली जाते, नाहीतर भुंगेऱ्यांच्या पेटीत जाऊन बसते. म्हणून जंगलात जाण्याआधी कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या भुंगेऱ्यांच्या जुन्या पेट्या भिंगाखाली एकदा पाहून घ्या. तिथे एखादी सापडलीच, तर जुनी चिठ्ठी फेकू नका. नवी ओळख वेगळ्या चिठ्ठीवर लिहून त्याच टाचणीला खाली लावा.

या कुळात शंभराहून अधिक जाती आहेत. त्या आफ्रिकेत आणि दक्षिण व आग्नेय आशियात आढळतात, अमेरिकेत नाहीत. सेलिफस हा पहिला वंश डालमन यांनी १८१८ मध्ये वर्णिला. पश्चिम घाटातूनही या कुळाच्या नोंदी आहेत.

जागा आणि परवानगी

अळ्या कुजणाऱ्या पालापाचोळ्यावर वाढतात आणि प्रौढ माश्या ओलसर सावलीतल्या गवतावर बसतात. त्यामुळे बामणोली, ठोसेघर, पाटणचा पश्चिम भाग आणि शिराळा तालुक्यातले वारणेकाठचे ओढे इथून सुरुवात करावी. उघड्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, वेळ घालवू नका. ओढ्याच्या कडेचे गुडघाभर गवत, नेचे आणि कारवीखालची ओल नीट पाहा. पाऊस ओसरल्यावर, सप्टेंबर ते नोव्हेंबर, सकाळी दव सुकल्यावर निघा. ओल्या गवतात जाळे भिजते आणि बारीक माश्या कापडाला चिकटून चिरडतात.

कोयना अभयारण्य, चांदोली राष्ट्रीय उद्यान आणि कासचे पठार इथे वनविभागाच्या लेखी परवानगीशिवाय एकही कीटक उचलायचा नाही. खाजगी जमिनीतही मालकाला विचारूनच शिरा. पायात गमबूट हवेतच. याच गवतात जळवा असतात आणि दगडांच्या कपारीत फुरसे असते.

पकडणे

जाळ्याचे कडे ३० ते ३५ सेंटिमीटर व्यासाचे, दांडा सुमारे १ मीटर आणि पिशवी पांढऱ्या मलमलीची घ्या. कड्याला मांजरपाटाची पट्टी शिवा, नाहीतर कारवीच्या काटक्यांनी मलमल दोन दिवसांत फाटते. गवताच्या बुडापासून वर असे एका जागी २० झपाटे मारा, पिशवीला पीळ देऊन तोंड बंद करा आणि प्रकाशाकडे धरून आत पाहा.

माशी उचलायला चोषक नळी वापरा, म्हणजे तोंडाने हवा ओढून कीटक बाटलीत खेचता येतो. ५० मिलिलिटरची बाटली, दोन भोकांचे रबरी बूच आणि ६ मिलिमीटर व्यासाच्या दोन नळ्या एवढे साहित्य पुरते. ओढायच्या नळीच्या आतल्या टोकाला बारीक जाळी घट्ट बांधा. ती सैल राहिली तर कीटक थेट घशात जातात. या बाटलीत अल्कोहोल किंवा इथिल ॲसिटेट कधीही ठेवू नका, कारण वाफ फुफ्फुसात जाते. कीटक आत पडावेत म्हणून साबणपाण्याच्या पिवळ्या ताटल्या ठेवल्या तरी चालतील, पण या माशीसाठी जाळ्याइतका भरवसा त्यांचा नाही.

उदर सोडवून अभ्यास करायचा असेल तर नमुना ७० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा, डीएनए हवा असेल तर ९५ टक्के. टाचणीवर कोरडा ठेवायचा नमुना मात्र इथिल ॲसिटेटच्या बाटलीत मारलेला बरा. अल्कोहोलमधून काढून तसाच वाळवला की कवच शाबूत राहते, पण डोळे आणि डोके आत ओढले जाऊन चुरमडतात.

माशीच आहे ना?

इथे घाई नको. १० पट भिंगाखाली आधी पाठीची मधली रेघ शोधा. भुंगेऱ्याचे कवच म्हणजे दोन कठीण पंख, त्यामुळे मधोमध सरळ सांधा दिसतो. सेलिफिडीत असा सांधा नसतो. ते कवच म्हणजे वक्षाचाच मागचा तुकडा, स्कुटेलम, जो फुगून उदर पूर्ण झाकतो. पंख त्याच्याखाली घडी करून ठेवलेले असतात.

सांधा नाही म्हणून लगेच माशी म्हणू नका. शेंगवर्गीय वेलींवर बसणारे प्लॅटास्पिडी कुळातले छोटे गोल ढेकूणही स्कुटेलमनेच झाकलेले असतात. फरक खालच्या बाजूला कळतो: ढेकणाला पोटाकडे दुमडलेली, सुईसारखी टोकदार सोंड असते, तर माशीची सोंड आखूड व मऊ असते. शृंगिका, म्हणजे डोक्यावरच्या मिशाही पाहा. माशीच्या शृंगिकेचा शेवटचा ठळक भाग फुगीर असून त्यावर एक दांडी उभी असते. सेलिफिडीत ही दांडी बुडाशी पानासारखी चपटी व रुंद होते, आणि एकदा ती नीट पाहिली की पुढे चूक होत नाही. पंखांमागे गदेसारखे दोन संतोलक, म्हणजे उडताना तोल सांभाळणारे अवयव, दिसले की शंका संपली.

टाचणी आणि मोजमाप

एवढ्या लहान माशीतून मोठी टाचणी घालू नका. जाड कागदाचा ८ ते १० मिलिमीटरचा निमुळता त्रिकोण कापा, टाचणी त्याच्या रुंद बाजूतून घाला, टोक किंचित खाली वाकवा आणि माशीचा वक्ष उजव्या बाजूने त्याला चिकटवा. पाण्यात विरघळणारा डिंक टाचणीच्या टोकावर मावेल एवढाच घ्या. डिंक जास्त झाला की तो स्कुटेलमच्या कडेखाली ओघळतो आणि पंख, संतोलक, उदर सगळेच झाकून टाकतो. स्कुटेलमला थेट चिकटवणे तर टाळाच.

मग २० ते ४० पट स्टिरिओ सूक्ष्मदर्शकाखाली स्कुटेलमची लांबी, रुंदी आणि उंची मोजा. रंगापेक्षा हे गुणोत्तर जास्त उपयोगी पडते. सेलिफसमध्ये कवच सहसा रुंद, घुमटासारखे असते, तर स्पॅनिओसेलिफसमध्ये लांबट व अरुंद. पृष्ठभाग गुळगुळीत आहे की सुरकुतलेला, हेही लिहा.

उदर सोडवणे

जात ठरवायला बहुतेक वेळा नराचे जननांग लागते. नमुना कोरडा असेल तर तो बंद डबीत ओल्या टिपकागदावर, थायमॉलचे दोन-चार खडे टाकून, २४ तास ठेवा. थायमॉल नसेल तर बुरशी येते. मग माशी पाठीवर धरा आणि बारीक चिमट्याने खालून उदर सोडवा. वरून कवच उचकटायचा मोह होतो, पण ते झाकण नाही. ते वक्षाशी जोडलेले असल्याने वक्षच फुटतो.

उदर १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये, गरम पाण्यात ठेवलेल्या काचेच्या नळीत, ५ ते १० मिनिटे ठेवा आणि दर दोन मिनिटांनी पाहा. वेळ वाढला तर भाग पारदर्शक होऊन कडा दिसेनाशा होतात. घाई नसेल तर थंड द्रावात रात्रभर ठेवणे अधिक सुरक्षित. ॲल्युमिनिअमचे भांडे नको, द्राव ते खातो. चष्मा आणि हातमोजे घाला. नंतर पाण्याने धुऊन, सौम्य ॲसेटिक आम्लात मिनिटभर बुडवून उदर ग्लिसरीनमध्ये काढा. चित्र काढून झाले की ग्लिसरीनच्या इवल्याशा कुपीत घालून त्याच टाचणीला खोचा. दुसरीकडे ठेवलेले उदर परत त्या माशीला जुळत नाही.

नोंद

प्रत्येक टाचणीला चिठ्ठी हवी: जिल्हा, तालुका, गाव, अक्षांश-रेखांश दशांशात चार स्थळांपर्यंत, उंची, तारीख, पद्धत, गोळा करणाऱ्याचे नाव. महिना रोमन अंकात लिहा, म्हणजे दिवस-महिन्याची अदलाबदल होत नाही. ‘सातारा’ एवढेच लिहिलेली चिठ्ठी प्रसार समजायला जवळपास निरुपयोगी. महाबळेश्वरला वर्षाला ५००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्याच जिल्ह्यात माणला ५०० च्या आसपास.

पावसाचा हा उतरता क्रम वापरून घ्या. पश्चिमेकडून पूर्वेकडे ठिकाणे निवडा आणि प्रत्येक ठिकाणी १०० झपाटे, म्हणजे २० चे ५ संच, सारख्याच वेळेत मारा. माशी मिळाली नाही तरी वहीत ‘०’ लिहा. न लिहिलेल्या शून्यामुळे ‘तिथे नाही’ आणि ‘तिथे कोणी पाहिलेच नाही’ यांतला फरक कायमचा पुसला जातो.

आयनॅचरलिस्ट या सजीवांच्या नोंदींच्या संकेतस्थळावर छायाचित्र टाकायचे तर वरून, बाजूने आणि तोंडासमोरून अशी तीन हवीत. वरून काढलेला एकच फोटो बहुधा भुंगेरा म्हणूनच पडून राहतो. जातीची खात्री नसेल तर वंशापर्यंत थांबा, विशेषतः हाती फक्त मादी असेल तेव्हा. भारतीय प्राणी सर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात आकुर्डीला आहे. तिथे नमुने दाखवायचे तर शक्यतो स्वतः घेऊन जा. पाठवावेच लागले, तर टाचण्या फोममध्ये खोल रोवा, कुपी असलेल्या टाचणीच्या दोन्ही बाजूंना आधाराच्या टाचण्या लावा, आणि ती पेटी कागदाचे बोळे भरलेल्या दुसऱ्या, चारी बाजूंनी ५ सेंटिमीटर मोठ्या खोक्यात ठेवा.