पळून पाय दुखावलाय? ठाण्यात डॉक्टरकडे जायच्या आधी हे वाचा

मागच्या वर्षी जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनसाठी मी उपवनपासून येऊरचा चढ आठवड्यातून चार वेळा मारत होतो, आणि ऑक्टोबरात डाव्या नडगीत ठणका सुरू झाला. आधी स्प्रे मारला, मग बाम, मग आईने आंबेहळदीचा लेप लावला, बिल्डिंगमधले एक काका म्हणाले पायाळू माणूस गाठ (काका, ते पाठीच्या उसणीला असतं हो), असे तीन आठवडे गेले आणि मी मधेमधे पळतच होतो. शेवटी निघालं स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे हाडाला बारीक तडा. तेव्हा जे कळलं ते लिहितोय, मी डॉक्टर नाहीये.

आधी डॉक्टरकडे जायला कधी थांबायचंच नाही ते बघा. घोटा मुरगळल्यावर त्या पायावर चार पावलंही टाकता येत नसतील किंवा घोट्याच्या हाडावर मागच्या बाजूला दाबलं की दुखत असेल तर त्याच दिवशी एक्सरे. पोटरी एकाच पायाची सुजून गरम झाली असेल तर ती नुसती लचक समजू नका, रक्ताची गुठळी असू शकते, आणि सोबत दम लागत असेल तर सरळ इमर्जन्सी. पळताना जांघेत खोल दुखतंय आणि चालतानाही जात नाही, तर पळणं त्याच क्षणी बंद, कारण खुब्याच्या हाडाचा तडा सरकला तर ऑपरेशनपर्यंत जातं.

बाकी साध्या दुखण्याला दोन-तीन दिवस द्या. पाय वर ठेवा, क्रेप बँडेज बांधा, बर्फ टॉवेलमध्ये गुंडाळून 15 मिनिटं, ताज्या सुजेवर गरम शेक आणि जोरात मालिश नको. बर्फाने दुखणं कमी होतं एवढंच, 1978 साली बर्फ-विश्रांतीचा तो प्रसिद्ध फॉर्म्युला आणणाऱ्या डॉक्टरनेच पुढे म्हटलं की त्याने बरं व्हायला उलट उशीर होऊ शकतो. आणि पेनकिलर घेऊन पळायला जाऊ नका, प्लीज. दुखणं झाकलं जातं आणि घामाघूम शरीरात किडनीवर ताण येतो तो वेगळाच.

आठवड्याभरात उतरलं नाही तर ऑर्थोपेडिककडे, आणि स्पोर्ट्सचे पेशंट बघणारा मिळाला तर उत्तमच. खर्चाचा प्रश्न असेल तर कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज हॉस्पिटल महापालिकेचं आहे, वाशीलाही नवी मुंबई पालिकेचं हॉस्पिटल आहे. सकाळी लवकर जाऊन केस पेपर काढा, लाईन असते, पाण्याची बाटली न्या.

आता खरी गोष्ट. ओपीडीत तुम्हाला मिळतात पाच-सात मिनिटं, त्यात "पाय दुखतो" म्हणालात तर पेनकिलरच मिळणार. मी पहिल्यांदा तेच केलं. एक्सरे नॉर्मल आला, डॉक्टर म्हणाले काही नाहीये, मी खूश होऊन रविवारी नवी मुंबईतल्या पाम बीच रोडला 18 किलोमीटर मारून आलो आणि सोमवारी जिना उतरवेना. स्ट्रेस फ्रॅक्चर पहिले दोन-तीन आठवडे एक्सरेत बऱ्याचदा दिसतच नाही, एमआरआयमध्ये दिसतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. म्हणून घरूनच ठरवून जा, दुखणं एका बोटाने दाखवता येतं की अख्खा तळहात ठेवावा लागतो. नडगीच्या आतल्या कडेने लांबवर दुखतंय तर बहुतेक शिन स्प्लिंट (जास्त पळून नडगीला येणारं दुखणं, तडा नव्हे), एकाच ठिपक्यावर दुखतंय आणि रात्री पडल्यावरही ठणकतंय तर हाडाचा संशय. सकाळी पलंगावरून पहिलं पाऊल टाकताना टाच ओरडते तर प्लांटर फॅशिया, म्हणजे तळपायाखालचा जाड पट्टा, जिना उतरताना गुडघ्याच्या वाटीच्या आसपास दुखलं की ते दुखणं वेगळं, आणि ठराविक किलोमीटरनंतर गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला दुखायला लागलं तर आयटी बँड, म्हणजे मांडीच्या बाहेरून गुडघ्यापर्यंत येणारा पट्टा, असू शकतो. गेल्या सहा आठवड्यांचे किलोमीटर ॲपमधून काढून न्या आणि रोजचे झिजलेले बूट पिशवीत घालून न्या, लाजू नका. मुलींनी पाळी चुकत असेल तर ते आवर्जून सांगा, त्याचा हाडांशी थेट संबंध आहे.

विचारायचं काय? नेमकं काय झालंय, अजून कुठली तपासणी लागेल का, आणि पळणं सोडून काय चालेल. टाचेमागच्या शिरेत, म्हणजे अकिलीसमध्ये, स्टिरॉइडचं इंजेक्शन कोणी सुचवलं तर दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्या, ती तुटण्याचा धोका असतो. मेडिक्लेमवाल्यांना आधीच फोन करा, साध्या पॉलिसीत ओपीडी आणि फिजिओ सहसा बसत नाही, तरी बिलं जपा.

फिजिओकडे मशीन लावून झोपवून ठेवतात आणि व्यायाम काहीच देत नाहीत असं असेल तर फिजिओ बदला. अकिलीससाठी टाचा हळूहळू खाली सोडायचा व्यायाम रोज, तोही 12 आठवडे, कंटाळवाणा आहे पण काम तोच करतो. परत सुरुवात करताना आधी अर्धा तास न दुखता चालता आलं पाहिजे, मग एक मिनिट पळा, एक मिनिट चाला, सपाटीवर, येऊरचा उतार सगळ्यात शेवटी. पळताना दुखलं नाही एवढ्यावर जाऊ नका, दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्यावर पाय काय म्हणतो ते बघायचं आणि कुरकुरला तर आधीच्या आठवड्याचंच रिपीट करायचं, मी ते तीनदा रिपीट केलंय.