रिपोर्ट लिहिण्याआधी रंग विचारा

रेडिओलॉजी करून यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी सोनोग्राफीला बसू लागले, तेव्हा एंडोमेट्रियमचे, म्हणजे गर्भाशयाच्या आतल्या अस्तराच्या जाडीचे, आकडे मला तोंडपाठ होते. पाळीच्या दिवसांत १ ते ४ मिलिमीटर, अंडं सुटायच्या सुमारास तीन रेघांचं अस्तर, पुढची पाळी यायच्या आधी १६ पर्यंतही चालतं. पाळी कायमची गेलेल्या बाईला रक्तस्राव होत असेल आणि अस्तर ४ च्या वर असेल, तर पुढची तपासणी. नव्याने सोनोग्राफीला बसणाऱ्या तुम्हालाही हे येतंच.

माझी चूक आकड्यात नव्हती. चिठ्ठीवर होतं, वय ४७, अंगावरून जातं. मी पांढरं जात असेल असं धरलं. अस्तर ९ भरलं. पाळी चालू असलेल्या बाईला ९ म्हणजे काहीच नाही. 'नॉर्मल' लिहिलं आणि पुढची बाई आत बोलावली.

पाच महिन्यांनी ती परत आली, सोबत लेक. मी जेल लावत असतानाच लेक म्हणाली, "मायची पाळी तं तीन वर्सं झाले गेली होती मॅडम, आता पुन्हा सुरू झाली." आणि माय पदर तोंडाशी धरून हळूच म्हणाली, "मागच्या टायमालेबी लालच जात होतं." वय ४७ आधारकार्डावरचं. तिची लेकच सदतीसची होती.

नागपूरला बायोप्सीत, म्हणजे अस्तराचा तुकडा काढून तपासल्यावर, कर्करोग निघाला. गर्भाशयाबाहेर गेला नव्हता, ऑपरेशन झालं, आज ती बरी आहे. पण ते पाच महिने माझ्या रिपोर्टमुळे गेले, हे मला अजून सलतं.

म्हणून परत परत सांगते. 'अंगावरून जातं' यात लालही येतं, पांढरंही येतं. रंग विचारा. 'पाळी पुन्हा सुरू झाली' हे बाई निर्धास्तपणे सांगते, कधी बरं वाटून सांगते. तुम्ही निर्धास्त होऊ नका. सलग १२ महिने पाळी नाही आणि मग एक डाग जरी पडला, तरी तो पाळी गेल्यानंतरचा रक्तस्राव धरायचा. तारीख विचारून उत्तर मिळत नाही. मागच्या पोळ्याला पाळी होती का? कापूस वेचायला जात होता तेव्हा? असं विचारलं की चटकन सांगतात. स्तनाच्या कर्करोगासाठी टॅमॉक्सिफेन चालू आहे का, तेही विचारा. त्या गोळीने अस्तर जाड दिसतं आणि आकड्याचा भरवसा राहत नाही.

मोजताना गर्भाशय उभ्या छेदात, मधली रेघ पूर्ण दिसेल असं घ्या. दोन्ही थर मिळून, सर्वांत जाड जागी. आत पाणी असेल तर ते सोडून दोन्ही थर वेगळे मोजून बेरीज करा. पोटावरून नीट दिसत नसेल तर आकडा ओढूनताणून लिहू नका, लघवी करून यायला सांगून योनिमार्गे सोनोग्राफी करा.

तयार टेम्प्लेटमध्ये आकडा भरून रिपोर्ट देणं मला पटत नाही. शिकायचंच तर वॉर्डातल्या जुन्या सिस्टरजवळ बसा. बायकांशी कोणत्या शब्दांत बोलायचं ते मला कुठल्याच सरांनी शिकवलं नाही, त्यांनी शिकवलं.

घाबरूनही जाऊ नका. पाळी गेल्यावर रक्त गेलेल्या बहुतेक जणींना कर्करोग नसतो, बऱ्याचदा अस्तर सुकून पातळ झालेलं असतं. ४ किंवा कमी भरलं तर कर्करोगाची शक्यता शंभरात एकीहूनही कमी. रक्तस्राव अजिबात नाही आणि सहज केलेल्या सोनोग्राफीत ६-७ दिसलं, तर तेवढ्यावरून बाईला 'पिशवी काढा' म्हणून पाठवू नका. तिथे साधारण ११ च्या वर गेल्यावर बायोप्सीचा विचार होतो. पाळी चालू असलेल्या बाईचं १४ बघून तर मुळीच नाही. पाळी संपल्या संपल्या परत बोलवा.

मात्र अस्तर ३ आहे आणि रक्त थांबत नाही, पुन्हा पुन्हा जातंय, तर त्या ३ वर विसंबू नका. काही कर्करोग पातळ अस्तरातही असतात. तिला बायोप्सीला पाठवा, आणि कशासाठी पाठवताय ते तिच्यासोबत आलेल्या माणसालाही समजावून सांगा, नाहीतर सोयाबीन निघेपर्यंत ती जाणार नाही.