कॅमेरा पिशवीतच राहू द्या

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्यात आतेभावाची आत्महत्या अकरा वर्षं 'हार्ट अटॅक'च होती. त्याच्यावर फिल्म करायला घेतली, तेव्हा पहिले तीन महिने मी कॅमेरा बाहेर काढलाच नाही. अशी फिल्म करणार असाल तर तुम्हीही काढू नका. नुसतं जाऊन बसा, शेंगा सोलू लागा. 'त्यानं असं का केलं?' हे विचारू नका. आत्याला ते सुतकात आलेल्या प्रत्येकानं विचारलं होतं, आणि उत्तर एका कारणात मावत नाही. मी विचारलं, "त्याला खायला काय आवडायचं?" ती सेवउसळीवर पंधरा मिनिटं बोलली आणि मग आपणहून खरा शब्द उच्चारला.

चेहरा टिपायचा हट्ट नको. पंखा बंद करून फक्त आवाज घ्या. चित्र वेगळं ठेवा: झोपाळ्याच्या कड्या, सुरसागर तलावाचं संध्याकाळचं पाणी, त्याच्या वहीतलं अक्षर. बोलणं आणि दृश्य जुळलं नाही की बघणाऱ्याला स्वतःचं माणूस आठवायला जागा मिळते. मधली शांतता कापू नका.

कसं, कुठं, चिठ्ठीत काय होतं, यातलं काहीही नको, सूचक शॉटसुद्धा नको. प्रायोगिक फिल्ममध्ये मरण देखणं होऊन बसतं, ही मला सगळ्यात मोठी भीती वाटते. त्याच्या रिकाम्या खोलीत पडलेल्या उन्हाचा एक शॉट मला फार आवडला होता. आत्या म्हणाली, "इतकं छान नव्हतं गं ते." तो शॉट कापून टाकला.

त्या टोकावरून परतलेल्या माणसाचा आवाजही घ्या. मोझार्टच्या ऑपेरात जीव द्यायला निघालेल्या पापागेनोला तीन मुलं थांबवतात. सावरल्याच्या गोष्टी इतरांनाही सावरतात, या परिणामाला अभ्यासकांनी त्याचंच नाव दिलंय. त्या माणसाला पोलिसांची भीती वाटत असेल तर 2017च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम 115 समजावून सांगा: प्रयत्न करणारा तीव्र तणावाखाली होता असं ते गृहीत धरतं, शिक्षेपासून वाचवतं.

बोलता बोलता कुणी स्वतःबद्दलच तसं सुचवलं, तर रेकॉर्डिंग बंद. सरळ विचारा, "जीव द्यावासा वाटतोय का?" विचारल्यानं ते डोक्यात शिरत नाही. त्यांना एकटं सोडू नका, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला 14416 वर सोबत बसून फोन लावा. तिथं मराठीत बोलता येतं. हाच नंबर फिल्मच्या आधी आणि शेवटी, पेन शोधून लिहून घेता येईल इतका वेळ ठेवा.

संमती शूटिंगआधी घ्या, कच्चं एडिट दाखवून पुन्हा घ्या. 'नको' म्हणाले तर तो भाग गेला.

पहिला शो घरच्यांसाठी. दिवे पूर्ण घालवू नका, दार उघडं ठेवा. आत्या दोनदा उठून गेली, दोनदा येऊन बसली.