सोतेर्न-बार्साक: पहिल्या वेचणीआधी आंबट घड बाहेर काढा

फ्रान्समधल्या बोर्दोजवळच्या या भागात सिराँ नदीचं थंड पाणी गारोन नदीच्या कोमट पाण्याला मिळतं आणि पहाटे द्राक्षबागेवर धुकं बसतं. गोड वाइनला हवी असलेली बोट्रायटिस बुरशीची कुज त्यातूनच येते, दुपारच्या उन्हानं मणी आटतो. पण मध्येच पाऊस झाला की आंबट कुजही शिरते, आणि ती कुणासाठी थांबत नाही.

बाग घरची, हात मोजके, मजुरी महाग. म्हणून आंबट घड आधीच कापून काढायची सफाईची फेरी टाळली जाते. "वेचतानाच निवडू की!" इथंच घात होतो. दरवर्षी हेच बघतोय. एका फुटक्या मण्याचा रस खालच्या मण्यांवर गळतो, चिलटं जमतात आणि घडाघडावर व्हिनेगरचे जिवाणू पोचवतात. वेचणीपर्यंत अर्धी ओळ गेलेली असते.

घड उलटा करून आतून बघा, नाकाशी धरा. चांगली कुज: मणी चॉकलेटी-जांभळा, सुरकुतलेला, साल शाबूत. वाईट कुज: साल फाटलेली, विटकरी रंग, ओला चिकटा, आंबट भपकारा. शंका आली तर कापा. कापलेलं वेलीखाली टाकू नका, बादलीतून बागेबाहेर न्या.

शातो दिकेम या इथल्या नामांकित वाइनघरानं 2012 ची वाइन बाजारात आणलीच नाही. त्यांना ते झेपलं. घरगुती बागेला एक हंगाम बुडणं झेपत नाही, त्यात इथं हेक्टरी 2,500 लिटरच्या वर काढायची मुभाही नाही.

बाकी कामं:
- पानं फक्त सकाळच्या उन्हाच्या बाजूची काढा
- ओळींतलं गवत आखूड ठेवा
- बुरशीसाठी फवारलेल्या तांब्याचा हिशेब तपासा: 7 वर्षांत हेक्टरी 28 किलो, त्यापुढे नाही
- कात्र्या-टोपल्या रोज धुवा
- रसात साखर लिटरला किमान 221 ग्रॅम. त्याखालचं वेचू नका

विक्रेता "साल घट्ट करणारी" किंवा "कुज लवकर आणणारी" बाटली घेऊन येईल. चहा पाजा, परत पाठवा. तेवढ्या पैशांत दोन माणसं आठवडाभर कात्री चालवतील. आणि बोट्रायटिसनाशक आता मारणं म्हणजे स्वतःच्याच पिकाच्या मुळावर उठणं.

माझा अंदाज असा: पूर्वेचा कोरडा वारा सुटला तर सफाईला चार दिवस मिळतात. पाऊस होऊन हवा उबदार राहिली तर दोनसुद्धा नाहीत, मग रविवार बघू नका. सुरुवात मस्कादेल या द्राक्षवाणाच्या ओळींपासून करा, तो आधी सडतो. मग सोव्हिन्यों वाण, शेवटी सेमियों.