जंतुरोधक पॉलियुरेथेन बनवताय? या चुका टाळा

कॅथेटरवर, म्हणजे शरीरात घालायच्या नळीवर, जंतू बसू नयेत म्हणून पॉलियुरेथेन या तिच्या प्लास्टिकमध्ये बदल करायचा, हा विषय घेऊन दरवर्षी कोणी ना कोणी माझ्याकडे येतंच. विषय मोलाचा आहे. नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो रुग्णालयाच्या आयसीयूत पाहा, रुग्णाच्या मानेतल्या शिरेत घातलेली सेंट्रल लाइन, म्हणजे असाच कॅथेटर, बहुधा पॉलियुरेथेनचीच असते, कारण ती घालताना ताठ राहते आणि आत गेल्यावर शरीराच्या उबेनं मऊ पडते. पण तिच्यावर स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस या जंतूनं एकदा बायोफिल्म (जंतूंचा चिकट थर) धरली की अँटिबायोटिकलाही दाद देत नाही, बरेचदा लाइनच काढावी लागते. इतक्या गंभीर कामात त्याच त्या चुका होताना पाहिल्या की जीव तुटतो.

मोठा झोन दिसला की खूश होणं

एका विद्यार्थिनीनं पॉलियुरेथेनच्या फिल्मवर क्वाटर्नरी अमोनियम हे जंतुनाशक संयुग जोडलं होतं. दावा असा की संयुग रासायनिक बंधानं पक्कं बसलंय, बाहेर काहीच झिरपत नाही आणि जंतू फिल्मला टेकला की मरतो. जंतू वाढवायची अगार प्लेट घेऊन ती धावतच आली. "मॅडम, बघा नं, केवढा झोन आलाय!" प्लेट उजेडाकडे धरली तर फिल्मच्या चकतीभोवती जंतू न वाढलेलं बोटभर रुंद स्वच्छ कडं, त्यापलीकडे स्टॅफ ऑरियस या जंतूचा दुधी थर.

मी विचारलं, "जे पक्कं बांधलंय ते अगारमध्ये एवढं लांब गेलं कसं?"

झोन पडतो तो पदार्थ फिल्ममधून सुटून अगारमध्ये पसरला तरच. स्पर्शानं मारणाऱ्या पृष्ठभागाभोवती झोन यायलाच नको. फार तर चकती उचलल्यावर तिच्या खालची जागा मोकळी दिसेल. तिनं फिल्म धुतली होती ती पिसेटच्या दोन पिचकाऱ्यांनी. मी ती शेकरवर ठेवायला लावली, आधी पाणी मिसळलेल्या अल्कोहोलमध्ये, मग डिस्टिल्ड वॉटरमध्ये, सकाळ-संध्याकाळ पाणी बदलून. प्रत्येक धुवण जपून ठेवायचं आणि तेही जंतूंवर टाकून बघायचं. पहिल्या धुवणानं जंतू मेले. पुढे धुवण निष्प्रभ होत गेलं, आणि नीट धुतलेल्या फिल्मवर जंतू ब्लँक (संयुग न जोडलेल्या) फिल्मइतकेच वाढले. जोडणी झालीच नव्हती. फिल्म फुगताना संयुग तिच्यात नुसतं शोषलं गेलं होतं. तोवर परिषदेला गोषवारा गेला होता, तो मागे घ्यावा लागला.

धुवणाची परीक्षा हे माझ्याकडे आता बंधनच आहे. त्याशिवाय धुतलेल्या फिल्मवर अमोनियमचे गट खरोखर किती बसलेत ते फ्लुओरेसीन रंगानं मोजायचं. रंग त्या गटांना धरतो, मग तो सोडवून स्पेक्ट्रोफोटोमीटरवर वाचायचा. प्लेट लावायची ती त्यानंतरच. सबमिशन आठ दिवसांवर आलेल्या मुलांना हे पटत नाही, आणि त्यांच्यासाठी मी ते शिथिलही करत नाही.

झिरपणं हा स्वतःमध्ये दोष नाही. क्लोरहेक्सिडिन-सिल्व्हर सल्फाडायझिन किंवा मिनोसायक्लिन-रिफाम्पिसिन असलेले कॅथेटर औषध सोडूनच काम करतात आणि रुग्णालयांत वापरले जातात. मात्र तसं असेल तर तसं लिहा, आणि ते किती दिवस पुरतं तेही मोजा.

फक्त बाहेरून लेप देणं

या दोन प्रकारच्या कॅथेटरांची तुलना १९९९ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आली. तेव्हाच्या क्लोरहेक्सिडिन-सिल्व्हरच्या कॅथेटरला लेप फक्त बाहेरून होता, मिनोसायक्लिन-रिफाम्पिसिनच्या कॅथेटरला आतून-बाहेरून. दुसऱ्यात रक्तातला संसर्ग बराच कमी निघाला. औषधंही वेगळी होती, तेव्हा सगळं श्रेय आतल्या लेपाला देता येणार नाही. पण क्लोरहेक्सिडिनच्या पुढच्या पिढीत आतूनही लेप आला. लाइन जास्त दिवस राहिली की हबमधून (नळीच्या बाहेरच्या जोडणीतून) आतल्या पोकळीत शिरणारे जंतू महत्त्वाचे ठरतात. काचेवर ओतलेल्या सपाट फिल्मवर सगळं काम करणाऱ्यांना नळीला आतली बाजूही असते याचा विसर पडतो.

पाण्याला फक्त पावसाळ्यात घाबरणं

पॉलियुरेथेन बनतं ते पॉलिओल आणि आयसोसायनेट यांच्या जोडणीतून. आयसोसायनेटला पाणी भेटलं की अमाइन आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतो, आणि तो अमाइन आणखी एक आयसोसायनेट खातो. हिशेब करून बघा. २००० रेणुभाराच्या १०० ग्रॅम पीटीएमईजी या पॉलिओलमध्ये ०.१ इक्विव्हॅलंट (जोडणी करणाऱ्या गटांचं माप) हायड्रॉक्सिल असतात. त्यात ०.१ ग्रॅम पाणी राहिलं, म्हणजे फक्त ०.१ टक्का, तर ते ०.०११ इक्विव्हॅलंट आयसोसायनेट गिळतं. पॉलिओलच्या वाट्यातले अकरा टक्के गेले! साखळ्यांची लांबी बिघडते, युरियाचे गट वाढतात, फिल्ममध्ये बुडबुडे अडकतात. बुडबुड्यांनी पडलेल्या खळग्यांत जंतूंना आयताच आसरा मिळतो.

जुलै-ऑगस्टमध्ये सगळेच सावध असतात. घोळ होतो मे महिन्यात. नागपुरात पारा ४५ च्या वर, हवा कोरडी ठणठणीत, म्हणून मुलं निर्धास्त. आणि खिडकीत खस लावलेला डेझर्ट कूलर थेट बाकावर ओली हवा फेकत असतो. एका लॅबमध्ये जानेवारीत छान जमलेलं प्रीपॉलिमर (अर्धवट तयार पॉलिमर) मे महिन्यात फेसाळायला लागलं, तेव्हा त्यांनी कच्चा माल बदलला, पुरवठादाराशी भांडण काढलं. मी गेले, कूलर बंद करायला सांगितला, पॉलिओल पुन्हा व्हॅक्यूमखाली ९० अंशांवर वाळवलं. फेस थांबला.

त्याच उन्हाळ्यात एमडीआय या आयसोसायनेटची बाटली बाहेर ठेवू नका. शुद्ध एमडीआय चाळीस अंशांच्या आसपास वितळतं, म्हणजे मे महिन्यात ते कपाटातच वितळणार आणि त्याचा डायमर (दोन रेणू जुळून झालेला) पांढऱ्या गाळासारखा खाली बसणार. डीप फ्रीझरमध्ये ठेवा, पण काढल्या काढल्या झाकण उघडू नका. थंड बाटलीत दव धरतं, की पुन्हा पाणी आलंच. मी बाटली डेसिकेटरमध्ये खोलीच्या तापमानाला येऊ देते. आणि दर वेळी डायब्युटिलअमाइन टायट्रेशननं एनसीओ, म्हणजे आयसोसायनेट गटांचं प्रमाण, काढते, लेबलवरचा आकडा धरत नाही.

न्यूट्रलायझर वगळणं

पृष्ठभागाची जंतुरोधक ताकद मोजायच्या आयएसओ २२१९६ या चाचणीत २४ तासांनी जंतू फिल्मवरून धुऊन काढायला जो ब्रॉथ सांगितलाय, त्यात लेसिथिन आणि पॉलिसॉर्बेट ८० असतं. ते उगाच नाही. सोबत आलेलं क्लोरहेक्सिडिन किंवा क्वाटर्नरी अमोनियम ते निकामी करतं. त्याजागी साधं सलाइन वापरलंत तर औषध प्लेटवरही जंतू मारत किंवा दाबत राहतं आणि आकडा फुगतो. चांदीसाठी थायोग्लायकोलेट लागतं. "सलाइननं पण चालतं नं, मॅडम" हे मी ऐकून घेत नाही.

आणखी काही

फिल्मला प्लाझ्मा (विद्युतभारित वायू) दिल्या दिल्या कॉन्टॅक्ट अँगल (पाण्याचा थेंब पृष्ठभागाशी करतो तो कोन) मोजून मोकळं होऊ नका. पॉलियुरेथेनच्या साखळ्या हलत्या असतात, हवेत ठेवलेला पृष्ठभाग काही दिवसांत पुन्हा पाणी झटकायला लागतो, आणि उन्हाळ्यात आणखी लवकर. आठवड्यानं परत मोजा, पाण्यात भिजवूनही मोजा.

चाचणी नुसत्या बफरमध्ये करू नका. रक्तात पृष्ठभागावर प्रथिनांचा थर लगेच बसतो आणि चांदीला क्लोराइड व प्रथिनं बांधून टाकतात. निदान सीरम घालून एकदा बघा.

१२१ अंशांच्या ऑटोक्लेव्हमध्ये नळी वाकडी होऊ शकते. गॅमा किरण दिलेत तर एमडीआयची फिल्म पिवळी पडते. कोणतंही निर्जंतुकीकरण केल्यावर चाचणी पुन्हा घ्या.

उकडतं म्हणून फ्यूम हूड सोडून पंख्याखाली आयसोसायनेट हाताळणाऱ्याला मी लॅबबाहेर काढते. त्यानं जडलेला दमा आयुष्यभर छळू शकतो.

शेवटचं डीएमएफबद्दल, म्हणजे फिल्म ओतायला वापरतात त्या सॉल्व्हंटबद्दल. ते १५३ अंशांना उकळतं, रात्रभर ओव्हनमध्ये ठेवून जात नाही. उरलेलं डीएमएफ पेशी मारतं आणि दोष तुम्ही जंतुरोधक म्हणून घातलेल्या चांदीला लागतो. पेशींवरच्या विषारीपणाच्या आयएसओ १०९९३-५ चाचणीत पेशींची जिवंत राहण्याची टक्केवारी ७० च्या खाली गेली की पदार्थ विषारी मानतात, आणि ही रेषा निव्वळ डीएमएफनं ओल्या राहिलेल्या फिल्ममुळे ओलांडलेली मी पाहिली आहे. म्हणून ब्लँक फिल्म त्याच सॉल्व्हंटमधून, त्याच दिवशी, त्याच ओव्हनमध्ये वाळवायची. आणि लागोपाठ दोन दिवस वजन तेवढंच भरल्याशिवाय माझ्याकडून कोणतीही फिल्म पेशींच्या चाचणीला जात नाही.